भाऊजींचे भाडेकरू

॥ श्री ॥
९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

तुझ्या थोरल्या जावेचे पोटभर आशीर्वाद. वर नुसतं 'चि.' लिहिलं आहे. पुढे आणखी काय लिहावं ते सुचेना, म्हणून तेवढ्यावरच थांबले. तू समजून घेशील.

पत्र बघून चकित होशील. घरात फोन असताना ही बाई टपालावर खर्च का करते आहे, म्हणशील. फोनवर मला बोलता येत नाही. सासूबाई शेजारी येऊन बसतात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात. तू पलीकडून 'हं, हं' करतेस, आणि त्या 'हं'चा अर्थ लावण्यात माझा निम्मा वेळ जातो. कागदावर माणसाला शेवटपर्यंत बोलता येतं. मध्येच कुणी 'बरं, ठेवते' म्हणत नाही.

इकडे सगळं ठीक. ह्यांचा खोकला गेला. सासूबाईंचे गुडघे होते तिथेच आहेत. दूध महागलं म्हणून मी चहा दोनदाच करते, तर तिसऱ्या चहाच्या वेळेला हे शेजाऱ्यांकडे जाऊन बसतात. म्हणजे बचत आमची आणि भुर्दंड त्यांना. तुझ्या चष्म्याच्या दुकानात बसायला स्टूल मिळालं की अजून दिवसभर उभीच असतेस? पाय सुजतात म्हणाली होतीस. घरी गेल्यावर कोमट पाण्यात मीठ घालून बुडवत जा.

मिठावरूनच आता मूळ विषयाकडे येते. मागच्या फोनवर तू म्हणालीस, "वहिनी, ती काचेची पेटी कुणाला तरी देऊन टाका आणि ते खेकडे समुद्रावर सोडून द्या. मला नकोत आता." एवढं बोलून फोन ठेवलास. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललं आहे.

तू गेल्यावर त्यांचं खारं पाणी संपलं, तेव्हा मी स्वयंपाकातलं मीठ कालवून दिलं होतं. मीठ ते मीठ, असं आपलं माझं मॅट्रिकचं शास्त्र. तिघा खेकड्यांतली नवरी त्यानंतर शंखाबाहेर तोंड काढीना. मग शोभेचे मासे विकतो त्या दुकानात गेले, तेव्हा कळलं की आपल्या खायच्या मिठात जे काही मिसळलेलं असतं ते त्यांना बाधतं. त्यांचं मीठ वेगळं येतं, आणि त्याचा भाव ऐकशील तर तुझेच डोळे शंखाबाहेर येतील. जमाखर्चात मी ते 'किरकोळ पूजासाहित्य' म्हणून घातलं आहे. देवाला सांगून घातलं आहे, त्यामुळे खोटं नाही.

आता नवरी ठीक आहे. भाऊजींनी नाव किती नेमकं ठेवलं होतं बघ, रिकामा शंख दिसला की आत शिरून बघायचं, नाही आवडला की परत जुन्यात, अगदी साडीच्या दुकानात बसल्यासारखी. मुकादम पूर्वीसारखाच सगळ्यांच्या अंगावरून चालत जातो. कारकून कोपऱ्यात. त्याच्यापुढे काकडी ठेवली की आधी चौकशी करतो, मग उद्या या म्हणतो.

भाऊजी त्यांना घेऊन आले तो दिवस आठवतो का? तुमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कुठल्याशा इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला गेले आणि येताना खोकं घेऊन आले. कुणीतरी घर सोडून जाताना ते जिन्यात ठेवून गेलं होतं. मला म्हणाले, "वहिनी, भाडेकरू आणलेत. दुसऱ्याच्या शंखात राहतात, भाडं देत नाहीत, आणि अंगाने वाढले की घर बदलतात." सासूबाई आतून ओरडल्या, "भाडं न देणारा एक आहे घरात, तेवढा पुरे होता!"

आता महिनाअखेरीला तुमच्या त्या खोलीत खरोखरचा भाडेकरू येणार. शिक्षिका आहेत एक, एकट्याच. त्यामुळे पेटीचं काय ते ठरवणं भाग आहे. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "सोडून टाकू. समुद्राचे जीव समुद्रात." बस. तुला ठाऊकच आहे, भाऊजींचा विषय निघाला की हे वर्तमानपत्र उलटं धरून वाचतात. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या पोराने पाळलेलं ती फेकायला सांगते!" आणि त्याच दमात, "वास येतो मेला त्या पेटीचा."

माझं म्हणशील तर कोंडलेल्या जिवाला मोकळं करण्यासारखं पुण्य नाही, असं मी लहानपणापासून मानत आले. सकाळी देवापुढे बसते तेव्हा भिंतीपलीकडून काचेवर त्यांच्या पायांची टिकटिक ऐकू येते. जप माझा आणि ताल त्यांचा. कधी वाटतं, देवच सांगतो आहे, बाई, आधी झाकण उघड, मग माळ ओढ.

तरी एकदा विचारते. तुला ते नकोत, की तुला ते बघवत नाहीत? या दोन्हींत फरक आहे. नको असतील तर सोडायचे. बघवत नसतील तर तू इथे नाहीसच, बघते आहे मी.

त्या दिवशी शिलाई मशीन न्यायला तुझ्याबरोबर आले होते ते गृहस्थ कसे आहेत? तुझ्याच दुकानात चष्म्याच्या काचा घासतात म्हणाली होतीस. जिन्यावरून मशीन उतरवताना त्यांचा अंगठा चेमटला होता. सहज आठवलं म्हणून विचारलं.

उत्तर चार ओळींचं असलं तरी चालेल, पण लिही.

तुझी,
वहिनी

ता. क. नवरीला उकडलेलं अंडं लागतं हे तू जाताना सांगितलंस. माझ्या स्वयंपाकघरात आजवर अंडं शिरलेलं नाही. म्हणून गॅलरीत जुना स्टोव्ह आणि एक टाकाऊ पातेली मांडली आहे. देव बघतो आहे, पण अजून काही बोललेला नाही.


॥ श्री ॥
२३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तुझं कार्ड पोचलं. चार ओळी मागितल्या होत्या, तू एकच पाठवलीस. 'वहिनी, विचारू नका, सोडून द्या.' अंगठ्याचं काहीच लिहिलं नाहीस.

तू सांगितलंस तसं केलं. म्हणजे करायला गेलो. जे झालं ते पहिल्यापासून सांगते, कारण शेवट तुझ्या मनात असेल तसा झालेला नाही.

रविवारी सकाळी आम्ही दोघं बसने किनाऱ्यावर गेलो. जेवणाच्या जुन्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून, ओलं फडकं घालून तिघांना त्यात ठेवलं होतं. डबा माझ्या मांडीवर. शेजारच्या बाईने दोनदा वाकून बघितलं आणि तिसऱ्यांदा विचारलंच, "काय आहे हो आत?" हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "भाडेकरू." बाई उठून पुढे जाऊन बसली. भाऊजी गेल्यापासून ह्यांच्या तोंडून विनोद असा तो पहिलाच. मी हसले तर माझ्यावरच डोळे वटारले.

किनाऱ्यावर फारसं कुणी नव्हतं. मी चपला काढल्या, हात जोडले, देवाला म्हटलं, तुझे जीव तुला परत करते आहे, सांभाळ. आणि अगदी पाण्याच्या कडेला, ओल्या वाळूवर, एकेकाला ठेवलं. मला वाटलं, पाणी बघून धावत सुटतील. माहेर दिसल्यावर धावतात तशी.

कुणी धावलं नाही. कारकून शंखात जाऊन बसला. नवरीने पाय बाहेर काढले, पाण्याचा अंदाज घेतला आणि सरळ पाठ फिरवली. समुद्राकडे पाठ, आणि तुरुतुरु वरती, कोरड्या वाळूकडे. येऊन माझ्या दोन चपलांच्या मध्ये शिरली. मी तिला उचलून परत पाण्यापाशी ठेवलं. परत चपलांत. हे म्हणाले, "अगं, तिला जायचं नाहीये." मी म्हटलं, "सवय नाही तिला. थोडा वेळ द्या."

तेवढ्यात लाट आली. मोठी नव्हती, पण मुकादम तिच्यात सापडला. शंखासकट गडगडत आत गेला. एकदा उलटा दिसला, पाय वर, आणि मग फेसात दिसेनासा झाला.

मी काही म्हणायच्या आत हे पाण्यात होते. बूट, मोजे, ऑफिसची पँट, सगळ्यासकट. बायकोने काय ओरडावं अशा वेळी? जपून, म्हणावं. परत या, म्हणावं. मी ओरडले, "अहो, पाकीट! आधी पाकीट काढा!" आयुष्यभर हिशेब ठेवल्याचं हे फळ. अजून आठवलं की कान गरम होतात.

कमरेएवढ्या पाण्यात हे दोन्ही हातांनी चाचपडत होते. समुद्रात हरवलेलं कधी हाताने सापडतं का? पण सापडलं. मूठ घट्ट मिटून बाहेर आले आणि वाळूत बसकण मारली. मूठ उघडली तर मुकादम ह्यांच्या बोटाला लटकलेला, नांगी रुतलेली, रक्त आलेलं.

मी म्हटलं, "अहो, चावतोय तो. सोडा त्याला."

म्हणाले, "चावू दे. चावतोय म्हणजे जिवंत आहे."

आणि धाकटे, ते रडायला लागले. तू ह्यांना रडताना पाहिलेलं नाहीस. मीही नाही. भाऊजींना नेलं तेव्हा नाही, नंतरही नाही. हॉस्पिटलात शेवटी हे भाऊजींचा हात दाबत बसले होते, आठवतं ना? सारखे दाबत होते, आणि तिकडून काही येत नव्हतं. दोन वर्षांनी ह्यांच्या बोटाला कुणीतरी उलट दाबलं, तेव्हा कुठे ते रडणं बाहेर आलं. मी शेजारी बसले. पदराने बोट बांधलं. पाकीट वाळत घातलं. नवरी माझ्या चपलेत, कारकून शंखात.

मग हे उठले आणि तिघांना स्वतःच्या हाताने डब्यात घातलं. बसमध्ये डबा त्यांच्या मांडीवर होता.

दुसऱ्या दिवशी मी प्राण्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई तरुण आहे, तुझ्याच वयाची. मी म्हटलं, "बाई, देवाच्या जिवाला देवाच्या दारात सोडलं तर तो परत का येतो?" तिने आधी मला बसायला लावलं. मग सांगितलं, "हे पाण्यात राहणारे खेकडे नाहीत आजी, किनाऱ्यावरचे. ओलावा लागतो, पण पाण्याखाली ठेवलं तर बुडून मरतात."

आजी म्हणाली ते मी सोडून दिलं. विचारलं, "मग वर, झाडाखाली, कोरड्या वाळूत सोडले तर?"

"ते कुठल्या किनाऱ्यावरून पकडून आणलेत, तुम्हाला माहीत आहे?"

म्हटलं, "जिन्यातून आणलेत."

ती हसली, पण नीट समजावून सांगितलं. पेटीत यांची पिल्लं होत नाहीत म्हणे, दुकानात विकायला येतात ते जवळपास सगळे कुठून तरी लांबून धरून आणलेले. आपल्या किनाऱ्यावरचे ते नसतील तर इथे जगणार नाहीत. आणि समजा जगलेच, तर इतकी वर्षं पेटीत राहून अंगाला जो काही रोग चिकटला असेल तो इथल्या खेकड्यांना देतील. "तुम्ही तीन सोडाल पुण्य म्हणून, आणि किनाऱ्यावरचे किती मरतील ते कळायचंही नाही." मग म्हणाली, ज्यांना नको झाले त्यांनी दुसऱ्या सांभाळणाऱ्याला द्यावेत, पण सोडू नयेत. मी विचारलं, किती जगतात. म्हणाली, नीट ठेवले तर वीस वर्षं, तीस वर्षंसुद्धा. मी मनातल्या मनात माझ्या वयात तीस मिळवले आणि बेरीज तिथेच पुसून टाकली.

घरी येताना मला माझ्या पुण्याची लाज वाटली. खोली रिकामी होणार, वास जाणार, गॅलरीतली पातेली निघणार, आणि वर देवाच्या खात्यात आपल्या नावावर जमा. इतकं सोयीचं पुण्य असतं का कुठे? ज्या माणसाने त्यांना पहिल्यांदा जिन्यात ठेवलं, त्यालाही वाटलंच असेल की कुणीतरी बघेल. आपण त्यांना समुद्रावर ठेवून येणार होतो, म्हणजे आणखी मोठ्या जिन्यात.

तेव्हा मी ठरवलं आहे. सोडायचे नाहीत. त्या शोभेच्या मासेवाल्याने विकत घेतो म्हणून सांगितलं होतं, त्यालाही नाही म्हटलं. ह्यांनी बैठकीतलं कपाट एका बाजूला सरकवलं आणि पेटी तिथे आणून ठेवली. आता पाहुणा आला की आधी मुकादमाची ओळख होते, मग आमची.

तुला राग येईल हे मला माहीत आहे. मोठं पत्र लिहून रागाव, कार्डावर नको.

तुझी, या वेळी न ऐकणारी,
वहिनी


॥ श्री ॥
१२ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं. या वेळी दोन्ही बाजू भरल्या होत्यास आणि समासातसुद्धा आडवं लिहिलं होतंस. उभ्याने वाचायला घेतलं आणि शेवट बसून वाचला.

तू लिहितेस, 'तुम्ही त्यांना परत आणलंत ते बरोबरच केलंत वहिनी. पण मी काय मागत होते ते तुम्हाला कळलं नाही का? ती पेटी तिथे आहे तोवर मला वाटतं मीही त्या खोलीतच आहे. कुणीतरी येऊन झाकण उघडेल म्हणून बसलेली.'

कळलं होतं गं. फोनवर म्हणालीस तेव्हाच कळलं होतं. खरं तर त्याच्याही आधी. मशीन न्यायला आलात त्या दिवशी, दारातून निघताना त्यांनी तुझ्या खांद्यावरची पिशवी न विचारता घेतली आणि तूही न बघता दिलीस. नवी ओळख असली की माणूस 'राहू दे, राहू दे' म्हणतं. तुमच्यात कुणीच काही म्हणालं नाही. बाईला तेवढं पुरतं. तुम्ही जिना उतरलात आणि मी आत येऊन भांडी घासली. घासलेलीच होती, परत घासली.

मग मी तुला खेकड्यांचंच काय ते लिहीत का बसले, असं विचारशील. खेकड्यांबद्दल विचारलं की तुला उत्तर द्यावं लागायचं, म्हणून. ते एकदा समुद्रात गेले की माझ्याकडे तुला विचारायला काही उरणार नाही, ही भीती होती. तू माझी जाऊ, ती भाऊजींमुळे. भाऊजी नाहीत. उद्या तू दुसऱ्या घरात गेलीस की मी तुझी कोण? शेजारीणसुद्धा नाही, शेजारणीची भिंत तरी लागून असते.

आणि आणखी एक. हे मी ह्यांनाही बोललेले नाही. मला ते खेकडे सोडायचेच नव्हते. तू सोडा म्हणालीस, पुण्य सोडा म्हणालं, म्हणून गेले. पण बसमध्ये डबा मांडीवर घेऊन मी देवाकडे काय मागत होते माहीत आहे? आज किनारा बंद असू दे म्हणून. किनारा कधी बंद असतो का?

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा भाऊजी दुसरीत होते. सासूबाईंचा नियम, दीर म्हणजे दीर, वय काही का असेना, मान द्यायचा. मी त्यांचं नाक धरून म्हणायची, "अहो भाऊजी, जोरात शिंकरा." त्यांना पाढे मी शिकवले. पहिला पगार त्यांनी आधी सासूबाईंच्या हातात दिला, पण वळून माझ्याकडे बघत दिला. ते गेले तेव्हा लोक तुला भेटायला आले, सासूबाईंना भेटायला आले, ह्यांच्या पाठीवर हात ठेवून गेले. ते बरोबरच होतं. वहिनीला कोण भेटायला येतं? मी आत चहा करत होते. माणसं पुष्कळ होती, आधण उतरतच नव्हतं. रडायला ओट्यापाशी जागा होती, पण सवड नव्हती. नंतर तू गेलीस आणि ती पेटी राहिली. त्यांचं म्हणून जे काही होतं, त्यातलं मला न विचारता माझ्याकडे आलेलं तेवढंच. मी रोज काकडी घालत होते ती मुकादमाला नव्हे गं.

झालं. लिहून टाकलं. आता कामाचं बोलते.

खेकडे माझे. तुझे नव्हेत आणि नव्हतेही. त्यांची चौकशी तू करायची नाहीस, मिठाला पैसे पाठवायचे नाहीत, आणि या घरात तुझं काही राहिलं आहे असं मनात आणायचं नाही. त्यांना सोडलं तर ते मरतील. ते आले कुठून हे त्यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नाही, आणि ते सांगत नाहीत. तुझं तसं नाही. तू या घरात स्वतःच्या पायांनी आलीस आणि जायचा रस्ताही तुझा तुला ठाऊक आहे. तुला कुणी सोडायचं नाही, कारण तुला कुणी धरलेलं नाही. निदान मी तरी यापुढे नाही.

परवा दुपारी सासूबाईंना सांगितलं. त्या मुकादमासाठी काकडी चिरत होत्या. वास येतो म्हणत म्हणत आता दिवसभर त्यांचं लक्ष पेटीकडेच असतं. मी म्हटलं, "धाकटी लग्न करते आहे."

सुरी थांबली नाही. "कोण? तो काचा घासणारा?"

"हो."

"वाटलंच मला. अंगठा चेमटला तरी मशीन हातातून सोडलं नाही त्याने."

मग नुसत्या चिरत राहिल्या. काकडी संपली तरी फळीवर सुरीचा आवाज चालूच. शेवटी म्हणाल्या, "माझ्यापुढे आणू नका त्याला. मला बघवायचं नाही."

म्हटलं, "बरं."

"आणि तिला म्हणावं, आधी त्याचं हृदय तपासून घे. नुसती कानाला नळी लावून नाही, ती लांब पट्टी निघते मशीनमधून, ती काढायला सांग. चांगल्या डॉक्टरकडून. पुन्हा तसलं..." पुढचं त्यांनी गिळलं. काकडीची ताटली माझ्याकडे ढकलली आणि म्हणाल्या, "जा, घाल त्यांना. वाट बघत असतील."

तेव्हा पट्टी काढून घे. चेष्टा नाही. त्यांचा आशीर्वाद तो एवढाच आणि तो याच चालीचा. याहून गोड त्यांच्याकडून आजवर मलाही मिळालेलं नाही.

ह्यांना सांगितलं तेव्हा ह्यांच्या हातात वर्तमानपत्र होतं. सुलट होतं. खाली ठेवलं आणि विचारलं, "तारीख काय?" म्हटलं, अजून ठरली नाही. म्हणाले, "रजा टाकावी लागेल, आधी सांग म्हणावं." ह्यांचं बोट अजून जरा काळंनिळं आहे. मलम लावायला गेले की हात मागे घेतात.

तू लिहितेस की कचेरीत जाऊन नोंदणी करणार, गाजावाजा नको, आणि तुझ्या बाजूने सही करायला दुकानातल्या दोन मैत्रिणी येतील. मामांनी येत नाही म्हणून कळवलं, तेही वाचलं. आईवडील असते तर हा प्रश्नच नव्हता. मैत्रिणी येऊ देत, फुलं आणू देत, फोटो काढू देत. सही मात्र त्यांनी करायची नाही. सही आम्ही दोघं करू. मी मॅट्रिक आहे, अक्षर चांगलं आहे, आणि ह्यांची सही तर ऑफिसात सगळे ओळखतात.

तिथला कारकून विचारेल, "तुम्ही मुलीच्या कोण?" विचारू दे. आधी मी घाबरले होते की तिथे काय सांगायचं. जाऊ म्हटलं तर तो कागद खाली ठेवून आपल्याकडे बघेल. बघू दे. काय सांगायचं ते मी ठरवलं आहे, तू मध्ये बोलू नकोस. आणि त्या दिवशी नवी साडी नेसशील तर तिचा रंग तुझ्या मनाचा असू दे. कुणाला काय वाटेल याचा विचार करायला आम्ही आहोत की दोघं.

त्यांनाही माझे आशीर्वाद सांग. या खेपेला पिशवी त्यांनी घेतली तरी तू एकदा 'राहू दे' म्हण. लोकांसमोर बरं दिसतं.

तारीख कळव. पहिल्या बसने निघतो.

मुलीकडची,
वहिनी